साथीचे दिवस आणि मोकळी वाट

साथीच्या रोगांचा इतिहास म्हटला की रुग्णालये, लस आणि मृतांचे आकडे डोळ्यांपुढे उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु प्रत्येक साथीत सामान्य माणसाच्या उंबऱ्यावर आणखी एक प्रश्न येऊन उभा राहिला, आणि त्याची नोंद इतिहासकारांनी क्वचितच घेतली. दार लावून आत बसावे, की मोकळ्या हवेत बाहेर पडावे? आणि बाहेर पडावे, तर वाटेत समोरून येणाऱ्या माणसाशी वागावे कसे? २०२० साली हा प्रश्न संग्रामपूरच्या सडकेवर पहाटे धावणाऱ्या पोरांपुढे होता, तसाच तो सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या पणजोबांपुढे होता आणि साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीतील मिलान नगरीच्या ख्रिस्ती माणसांपुढेही होता. या तिन्ही काळांचा विचार एकत्र केला, तर आपल्या हाती काही लागेल असे आम्हाला वाटते.

गाव उठून रानात

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात एका डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी तपासला आणि हा प्लेग आहे असे निर्भयपणे जाहीर केले. हे डॉक्टर म्हणजे अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले हे कॅथलिक गृहस्थ पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. त्यांनी दिलेली वार्ता कोणालाच रुचणारी नव्हती. व्यापार बुडेल, बंदर ओस पडेल ही भीती होती आणि ती खरीही ठरली. लाखो लोक मुंबई सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर रोगही देशावर पसरला.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. त्याच्या जोरावर पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, माणसे उचलून विलगीकरणाच्या छावण्यांत नेली. लोकांच्या मनात जो संताप साठला, त्याचा स्फोट २२ जून १८९७ च्या रात्री झाला आणि प्लेगाधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच साली, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. पुण्याबाहेर माळावर त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या माउलीने तो दवाखाना गाठला आणि त्याच रोगाने त्यांना गाठले. एकाच शहरात, एकाच वर्षी साथीला दिलेली ही दोन उत्तरे होती. एका उत्तरात माणूस संशयित होता, दुसऱ्यात तो लेकरू होता.

नव्या शतकाच्या आरंभी प्लेग वऱ्हाडातही येऊन पोहोचला. आज ज्याला आपण संग्रामपूर तालुका म्हणतो, तो मुलूख तेव्हा जळगाव तालुक्यात होता, आणि जळगाव व खामगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत. या काळात महाराष्ट्रातील खेड्यांनी जो उपाय धरला, तो जुन्या माणसांच्या बोलण्यात फार दिवस टिकून होता. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचे. तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे कूड घालून शेतात झोपड्या उभ्या राहायच्या. एका कुटुंबाची झोपडी दुसऱ्यापासून दूर. गुरे तिथेच, चूल तिथेच, आजारी पडलेल्याची खोपी आणखी पलीकडे. साथ ओसरेपर्यंत गावच्या वेशीत पाऊल टाकायचे नाही.

हा उपाय शास्त्राला धरून होता, हे त्या शेतकऱ्यांना कोणी सांगितले नव्हते. पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखविले की प्लेग उंदरांवरील पिसवांच्या द्वारे पसरतो. म्हणजे ज्या घरात उंदीर मेले ते घर सोडणे हाच खरा बचाव होता. मात्र या उपायाचा जो गुण आम्हाला विशेष वाटतो तो निराळा आहे. रानात गेलेला शेतकरी मोकळ्या हवेत होता, हातपाय चालवीत होता, आणि शेजाऱ्याची हाक ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहत होता. अंतर सर्वांनी मिळून ठरविलेले होते. त्यात कोणा एकाचा अवमान नव्हता.

पुढे १९१८ ची मानमोडी आली. तेव्हा हा उपाय लंगडा पडला, कारण तो रोग श्वासावाटे पसरत होता आणि घरची सगळी माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळत होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा मुलूख देशात सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी होता. पाणी द्यायलाही माणूस उरला नाही, अशी घरे त्या काळी होती. रोग बदलला की अंतराचा अर्थही बदलतो, हा धडा मानमोडीने दिला. तो आपण विसरलो होतो.

मिलानचे चव्हाटे

१५७६ साली मिलान नगरीत प्लेग शिरला तेव्हा संत चार्ल्स बोरोमिओ तेथे महागुरू होते. अधिकारी आणि धनिक शहर सोडून गेले, परंतु कार्डिनल राहिले. त्यांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या आणि स्वतः अनवाणी चालले. गर्दीने रोग वाढेल अशी शंका तेव्हाही घेतली गेली होती. म्हणून या मिरवणुकांना शिस्त घालण्यात आली. केवळ प्रौढ पुरुषांनी यावे, दोनच ओळी असाव्यात आणि पुढच्या-मागच्या माणसांत मोकळी जागा राहावी.

पुढे सर्व शहराला घरात राहण्याचा हुकूम झाला. तेव्हा महागुरूंनी चौकाचौकांत वेदी उभारविल्या. लोक खिडक्यांत उभे राहत आणि खाली उघड्यावर मिस्सा अर्पण केली जाई. साथ सरल्यावर अशा अनेक ठिकाणी क्रूस असलेले स्तंभ उभे राहिले. आपल्या मुंबईच्या जुन्या गावठाणांतही प्लेगच्या दिवसांत उभारलेले क्रूस आहेत. त्यांच्यापुढे कोणी मेणबत्ती लावताना दिसले, तर त्या दगडामागची कथा मुलांना आवर्जून सांगावी. चार भिंतींच्या आत जमणे जेव्हा धोक्याचे झाले, तेव्हा आपल्या पूर्वजांची भक्ती रस्त्यावर, आभाळाखाली येऊन उभी राहिली.

संत चार्ल्स यांच्या दोन्ही कृतींत एक समान सूत्र आहे. त्यांनी अंतर नाकारले नाही आणि अंतराचे निमित्त करून माणसांना एकटेही टाकले नाही. दोन माणसांमधल्या रिकाम्या जागेला त्यांनी प्रार्थनेचे काम दिले.

संग्रामपूरची सडक

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या इतिहासाकडे वळू. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने १८९७ चा तोच जुना कायदा पुन्हा हाती घेतला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. उपवासकाळ चालू होता. त्या वर्षीची क्रूसाची वाट बहुतेक कुटुंबांनी घरातल्या भिंतीपाशी उभे राहून केली आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण बंद दारांआड साजरा केला.

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, त्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे आणि खालच्या अंगाला पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा. शहरासारखी फिरण्याची बांधीव मैदाने या बाजूला कुठून असणार! सोनाळा, टुनकी, वरवट बकाल, पातुर्डा या गावांना जोडणारी सडक हेच बहुतेकांचे मैदान. शेतकऱ्याला आणि मजुराला वेगळ्या व्यायामाची गरज नसते आणि शेतीच्या कामाला मुभाही लवकर मिळाली. ओढाताण झाली ती दुसऱ्यांची. साखरेच्या विकारामुळे ज्यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते असे वृद्ध, दिवसभर घरकामात अडकून पहाटे तेवढ्या मैत्रिणींबरोबर फिरायला जाणाऱ्या स्त्रिया आणि सैन्याच्या व पोलिसांच्या भरतीसाठी पहाटे धावणारे तरुण.

या तरुणांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. कोरडवाहू शेतीच्या घरातील मुलाला भरती हा घर सावरण्याचा एक मार्ग असतो. वय वाढत जाते आणि दम राखावा लागतो. २०२० ते २०२२ या काळात सैन्यभरती जवळजवळ ठप्पच राहिली. जून २०२२ मध्ये नवी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा त्या एका वर्षापुरती कमाल वयोमर्यादा २३ करण्यात आली, कारण दोन वर्षे वाया गेली हे शासनालाही मान्य करावे लागले. ज्या मुलाला कशासाठी धावायचे हेच ठाऊक नव्हते, तरी धावणे सोडता येत नव्हते, त्याच्या मनावरचा ताण आपण वडीलधाऱ्यांनी किती ओळखला?

मोकळ्या हवेतील या चालण्याधावण्यावर चार बाजूंनी ओझे आले. पहिले कायद्याचे. सुरुवातीच्या आठवड्यांत राज्यात ठिकठिकाणी सकाळी फिरायला निघालेल्यांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केले. २२ मेपासून रेड झोनबाहेर एकट्याने मैदानावर व्यायाम करण्यास परवानगी मिळाली. ३ जूनपासून अकोला-अमरावतीसह मोठ्या शहरांत पहाटे ५ ते सायंकाळी ७ पर्यंत चालणे, धावणे, सायकल चालविणे मोकळे झाले, मात्र समूहाने नव्हे, घरापासून दूर नव्हे आणि मुलांबरोबर मोठे माणूस असलेच पाहिजे. २०२१ च्या जूनमध्ये पाच स्तरांची नवी रचना आली, तेव्हा तिसऱ्या स्तरात हीच मुभा पहाटे ५ ते ९ एवढी उरली. काल चालले ते आज चालेल का, हे विचारूनच घराबाहेर पडावे लागे. दुसरे ओझे मुखपट्टीचे. धाप लागलेल्या माणसाला ती लावावी तरी जड, काढावी तरी अपराध्यासारखे वाटे. तिसरे ओझे शेजाऱ्याच्या नजरेचे. समोरून ओळखीचे माणूस आले की कोणी सडकेच्या दुसऱ्या कडेला जावे, हा पेच पडे. जो बाजू बदली त्याला वाटे आपण अपमान केला, आणि ज्याच्यासाठी बदलली त्याला वाटे आपल्यात काही दोष आहे.

चौथे ओझे अंतःकरणाचे होते आणि ते सर्वांत जड होते. घरात बसलेल्यांना चालण्याची चोरी होती, त्याच दिवसांत हजारो मजुरांना चालण्यावाचून गती नव्हती. आपल्याच जिल्ह्यातून, मलकापूर, नांदुरा, खामगावच्या महामार्गावरून, मुंबईकडून आलेली माणसे लेकरे कडेवर घेऊन पूर्वेकडे गेली. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपी गेलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघाले होते. व्यायामाच्या चालण्याविषयी लिहिताना या चालण्याचे स्मरण न करणे आम्हाला अधर्म वाटतो.

भक्तीचे चालणेही थांबले होते. शेगावला पायी जाणाऱ्या दिंड्या या भागाच्या जीवनाचा भाग आहेत. त्या बंद झाल्या. २०२० आणि २०२१ या दोन्ही आषाढींना संतांच्या पालख्या पंढरपुरास एसटीच्या गाडीतून गेल्या आणि पायी वारी पुन्हा निघाली ती २०२२ साली. रोममध्ये १५ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस, जे आता प्रभूघरी गेले आहेत, ओस पडलेल्या रस्त्यावरून पायी चालत संत मार्सेलो यांच्या मंदिरातील क्रूसापाशी गेले. १५२२ च्या प्लेगमध्ये हाच क्रूस लोकांनी रोमच्या गल्ल्यांतून मिरविला होता. पंढरीच्या वारकऱ्यांचे आणि रोमच्या त्या वृद्ध यात्रेकरूचे दुःख त्या वर्षी एकाच जातीचे होते.

अंतराचा अर्थ

पुढे शास्त्राने स्पष्ट केले की करोनाचा विषाणू बंद, कोंदट जागेत हवेवाटे सहज पसरतो आणि मोकळ्या हवेत त्याचा धोका पुष्कळ कमी असतो. म्हणजे रानात झोपडी घालणाऱ्या आपल्या पणजोबांची वाट, कारण निराळे असले तरी, या वेळीही फारशी चुकीची ठरली नसती. जी जागा सर्वांत सुरक्षित होती, तिचीच आपल्याला सर्वांत अधिक भीती वाटली. ज्ञान अपुरे असताना शासनाने सावध राहावे हे योग्यच होते, त्याबद्दल आम्ही कोणाला बोल लावीत नाही. परंतु भीती आणि सावधगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या वेळी ध्यानात ठेवले पाहिजे. सावधगिरी चार हात दूर उभी राहते आणि विचारपूस करते. भीती तोंड फिरवून निघून जाते.

संत लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. नियमाप्रमाणे ते दूर उभे राहिले आणि दुरूनच त्यांनी प्रभूला हाक मारली. प्रभूने त्यांना नियम मोडायला लावला नाही. त्याने दुरूनच उत्तर दिले आणि त्यांना वाटेला लावले. ते बरे झाले ते चालता चालता. अंतर होते, पण त्या अंतरातून हाक जात होती आणि उत्तर येत होते. मिलानच्या चौकातील वेदी आणि वऱ्हाडातील विखुरलेल्या झोपड्या याच कथेच्या कुळातल्या आहेत.

या भागात आपली कॅथलिक कुटुंबे मोजकी आणि गावोगाव विखुरलेली आहेत. अंतर आपल्याला नवे नाही. म्हणूनच वाचकांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरातील वृद्धांना प्लेगच्या आणि मानमोडीच्या ऐकीव कथा विचारून लिहून ठेवा, आणि २०२० चे आपले अनुभवही लिहा, कारण पन्नास वर्षांनी तोच इतिहास असेल. उपवासकाळातील एखाद्या शुक्रवारी क्रूसाची वाट शेताच्या बांधावरून, उघड्यावर चालून पाहा. आणि ज्या तरुणांची दोन वर्षे त्या काळात हरवली, त्यांच्यापैकी कोणी अजून वाट चुकल्यासारखा घरी बसला असेल, तर त्याला उपदेश करण्याआधी संध्याकाळी त्याच्याबरोबर सडकेवर दोन मैल चाला. साथीने आपल्याकडून जे सोबतीचे चालणे हिरावून घेतले होते, ते देवाच्या कृपेने आता पुन्हा आपल्या हाती आहे.