पौष्टिक पीठ आणि पिवळी बुरशी

जळगाव-धुळ्याकडच्या स्वयंपाकघरात दाण्याचे कूट संपले की भाजी अडते. तरी भुईमूग हे खान्देशातले फार जुने पीक नव्हे. मूळ दक्षिण अमेरिकेतले हे झाड विसाव्या शतकात कपाशीच्या जोडीने पूर्व आणि पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, नगदी पीक म्हणून पसरले. शेंगा फोडायच्या, दाणे घाण्यात घालायचे आणि तेल काढायचे. उरलेली पेंड गुरांपुढे टाकायची, नाहीतर शेतात खत म्हणून.

आपली गोष्ट ह्या पेंडीची आहे. तेल निघून गेले की पेंडीत जवळजवळ निम्मी प्रथिने उरतात. स्वातंत्र्यानंतरच्या काळात देशातली लाखो मुले प्रथिनांच्या आणि एकूणच अन्नाच्या कमतरतेने खुरटत होती. दूध महाग होते आणि अपुरेही होते. अशा वेळी गुरांच्या पुढ्यातले हे अन्न माणसाच्या ताटात का आणू नये, असा प्रश्न पडणे साहजिक होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (स्थापना १९५०) तो मनावर घेतला. निवडक दाण्यांपासून स्वच्छ रीतीने केलेले, तेल काढलेले शेंगदाण्याचे पीठ ७५ भाग आणि भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पीठ २५ भाग, वरून जीवनसत्त्वे आणि चुना (कॅल्शियम), असे एक पूरक अन्न तेथे तयार झाले. त्याला ‘बहूद्देशीय अन्न’ असे नाव मिळाले. पुढे ‘बालाहार’सारख्या मिश्रणांतही शेंगदाण्याचे पीठ होते. कल्पना उत्तम होती आणि आमच्या मते ती आजही उत्तमच आहे.

मग १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची पिल्ले पटापट मरू लागली. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पिल्ले गेली. कारण कळेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. बदकांची पिल्लेही मेली. शोध घेता घेता एक समान धागा सापडला. ह्या पक्ष्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळसर हिरवी बुरशी वाढली होती आणि तिने एक विष तयार केले होते. बुरशीच्या नावातली अक्षरे जुळवून त्याला अफ्लाटॉक्सिन असे नाव दिले गेले. ते यकृतावर घाव घालते, आणि दीर्घकाळ पोटात जात राहिले तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो, हे पुढे सिद्ध झाले.

ब्राझीलच्या पेंडीत जे होते ते भारताच्या पेंडीत नसेल कशावरून? उष्ण हवा, दमट साठवण आणि ओल्या शेंगा हे सगळे आपल्याकडेही होतेच. शिवाय आपण ते पीठ कोंबड्यांना नव्हे, आजारी मुलांना देऊ पाहत होतो.

अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा एक प्रथिन सल्लागार गट होता. त्याने १९६६ साली शेंगदाण्याच्या पिठासाठी मर्यादा घातली: एक किलोत ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन नको. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. विद्यार्थी येथे हमखास विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की विषच असेल तर ३० तरी का? शून्य का नाही? शून्याची अट घातली असती तर गरीब देशांतले पूरक अन्न जवळजवळ बंदच पडले असते, आणि कुपोषणाने मुले मरत होती ती डोळ्यांसमोर. आजचा मृत्यू आणि उद्याचा संभाव्य कर्करोग एकाच तराजूत घालून तो आकडा काढलेला होता. ‘ह्याच्याखाली सगळे सुरक्षित’ असा त्याचा अर्थ नव्हता. पुढे आपल्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही ३० हाच आकडा आला. आज बाजारात थेट खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या शेंगदाण्याला आपल्याकडे मर्यादा १० आहे, तर युरोपात ४.

मर्यादा कागदावर असताना पोत्यात काय होते, ह्याची हकिकत १९७१ साली प्रसिद्ध झाली. म्हैसूरला कुपोषणाने सुजलेल्या २० मुलांना उपचार म्हणून शेंगदाण्याचे प्रथिनयुक्त पीठ दिले गेले होते. मुले दीड ते पाच वर्षांची होती आणि पीठ रोज ३० ते ६० ग्रॅम दिले जात होते. त्या पिठात किलोमागे सुमारे ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दहापट अफ्लाटॉक्सिन असल्याचे मागाहून कळले आणि ते थांबवण्यात आले. तोवर कोणी पाच दिवस, तर कोणी महिनाभर ते खाल्ले होते. काही मुलांची यकृते वाढली आणि तिघांच्या यकृतात सिऱ्होसिसची लक्षणे दिसली. हे सावधपणे वाचायला हवे. कुपोषणातही यकृतात चरबी साठते, त्यामुळे केवळ २० मुलांवरून सगळा दोष बुरशीवर ठेवता येत नाही. पण ज्या मुलाचे यकृत आधीच दुबळे आहे, त्यालाच हे पीठ औषध म्हणून मिळत होते, ही गोष्ट उरतेच.

वर्गात करण्याजोगे एक गणित: किलोला ३००, तर ३० ग्रॅमला ९ आणि ६० ग्रॅमला १८ मायक्रोग्रॅम. हा झाला रोजचा डोस.

ह्याच्या कितीतरी पट डोस मिळाला तर काय होते, ते फार लांब जाऊन पाहावे लागत नाही. खान्देशाच्या उत्तरेला, नर्मदेपलीकडे, गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हे जिल्हे आहेत. आपल्या सातपुड्यासारखीच ती भिल्ल वस्तीची भूमी. १९७४ च्या पावसाळ्याअखेरी तेथे काढणीला आलेला मका अवकाळी पावसात भिजला, तसाच घरात साठवला गेला आणि दुसरे धान्य नसल्याने तोच खाल्ला गेला. कावीळ आणि पोटात पाणी होणे, अशी साथ पसरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतले कुत्रेही तसेच मेले, आणि तो महत्त्वाचा दुवा ठरला, कारण माणसाची काविळीची साथ कुत्र्याला होत नाही. तेथे रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष पोटात जात असावे असा अंदाज निघाला. म्हैसूरच्या मुलांच्या डोसाशी त्याची तुलना विद्यार्थ्यांनीच करावी.

मग पीठ तपासूनच का देत नाहीत? तपासतात, पण अडचण नमुन्याची आहे. बुरशी सगळ्या दाण्यांवर सारखी नसते. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच विषाने भरलेला निघतो. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष आहे असे धरा (असे दाणे प्रयोगशाळांत सापडले आहेत). दहा किलोत असे २०,००० दाणे मावतात. त्यात हा एक पडला की सगळ्या दहा किलोची सरासरी किलोला ५० झाली आणि माल मर्यादेबाहेर गेला. तुम्ही पोत्यातून १०० ग्रॅमची मूठ उचललीत, तर तो दाणा तुमच्या मुठीत येण्याची शक्यता शंभरात एक. उरलेल्या नव्याण्णव वेळा दाखला ‘शुद्ध’ असाच मिळणार. म्हणून आधी मोठा नमुना घेऊन, तो सगळा दळून, मग त्यातले थोडे तपासावे लागते. खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, आणि चालढकल नेमकी येथेच होते.

आज पूरक अन्नाचे गिऱ्हाईक बदलले आहे. आता तालुक्याच्या गावीही व्यायामशाळेत जाणारी मुले प्रथिनांच्या पावडरीचे डबे घेतात. केरळमधील डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या अशा ३६ उत्पादनांची तपासणी करून २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता. सुमारे १४ टक्क्यांत, म्हणजे पाच डब्यांत, अफ्लाटॉक्सिन सापडले. तेच साठ वर्षांपूर्वीचे विष, फक्त डबा चकचकीत.

खान्देशापुरते बोलायचे तर ह्या गोष्टीची सुरुवात शेतातच होते. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने निवडलेले जेएल-२४, म्हणजेच ‘फुले प्रगती’, हे वाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस आले. तीन महिन्यांत हाती येणारे हे उपटे वाण देशभर गेले, एवढेच नव्हे, तर मलावी आणि झांबियातही वेगळ्या नावांनी पेरले गेले. जळगावच्या ह्या कामगिरीचा अभिमान वाटावा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. ह्या वाणाच्या दाण्याला सुप्तावस्था नाही, त्यामुळे काढणीच्या वेळी पाऊस आला की शेंग जमिनीतच उगवते, टरफल आणि साल फुटते आणि बुरशीला वाट मिळते. ह्या बुरशीला बळी पडणारे वाण म्हणून संशोधक त्याचा तुलनेसाठी वापरही करतात. दुसरे म्हणजे, दाणे भरण्याच्या वेळी पावसाने ताण दिला, तर बुरशी काढणीपूर्वीच आत शिरते. खान्देशच्या कोरडवाहू शेतीला हा ताण नवा नाही. काढल्यानंतर मात्र बरेच काही हातात असते. शेंगा चांगल्या वाळवाव्यात, कानाशी हलवल्या की दाणा आत खुळखुळला पाहिजे. उन्हाळ्यात शेंग फोडताना सोपे जावे म्हणून तिच्यावर पाणी मारण्याची रीत तर सोडलेलीच बरी.

घरी आई सुपात दाणे निवडते, तेव्हा सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे बाजूला काढते. तिने प्रयोगशाळा पाहिलेली नाही, पण बहुतेक विष नेमके ह्याच दाण्यांत असते. भाजून किंवा उकडून ते पुरते नष्ट होत नाही, निवडून मात्र बरेच कमी होते. सगळेच विषारी दाणे डोळ्यांना दिसत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न देता येईल: मोठ्या व्यापारात असे निवडून काढलेले दाणे जातात कुठे? ते फेकत नाहीत, स्वस्तात तेलासाठी विकतात. तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यात गेले तर विष जवळजवळ निघून जाते, घाण्याच्या गाळीव तेलात थोडे राहू शकते. बाकीचे सगळे पेंडीत उतरते. पेंड जाते गोठ्यात, आणि गाय-म्हैस तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूप बदलून दुधात उतरवते. त्या रूपाला एम-१ म्हणतात, आणि दुधासाठी त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे.