कोयना ते किल्लारी : भूकंप-सुरक्षिततेचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

भूकंपात स्वतःचा बचाव कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा सूचनांच्या स्वरूपात दिले जाते. मजबूत टेबलाखाली आसरा घ्यावा, डोके झाकावे, धक्का थांबल्यावर मोकळ्या जागेत जावे, या सूचना योग्यच आहेत. परंतु धक्क्याच्या वेळी घर उभे राहील, हे त्यांत गृहीत धरलेले असते. महाराष्ट्रातील दोन मोठ्या भूकंपांत हे गृहीतकच कोसळले. प्रस्तुत लेखात या दोन घटनांच्या आधारे सुरक्षिततेचा विचार घराच्या इतिहासाशी जोडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कोयनेचा धडा :

शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागल्यानंतर कोयना परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चारनंतर झालेल्या मोठ्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. धरणाला तडे गेले, पण धरण टिकले. कोयनानगर परिसरातील दगडी बांधकामाची घरे मात्र मोठ्या प्रमाणावर ढासळली. पुढील काळात अभ्यासकांचे लक्ष जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधावर केंद्रित झाले, धरणाचे मजबुतीकरण झाले, १९७० मध्ये भूकंपविषयक भारतीय मानकातही सुधारणा झाली. कोयनेचा धडा अशा रीतीने मुख्यतः धरणाचा धडा म्हणून वाचला गेला. खेड्यातील सामान्य घराचा प्रश्न मागे राहिला.

किल्लारी : इशारा आणि आघात :

मराठवाड्याचा हा भाग तत्कालीन मानकानुसार सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडत होता. तरीही १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसरात वारंवार धक्के बसले. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांत विशेष तीव्र होता. पुढे धक्के ओसरले आणि भीतीही ओसरली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन करून माणसे झोपी गेली होती. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत अधिकृत नोंदींनुसार सुमारे ८ हजार माणसे दगावली.

या मृत्यूंचे कारण भूकंपाच्या तीव्रतेइतकेच घराच्या रचनेत होते. दगड-मातीच्या दोन फूट व त्याहून अधिक जाडीच्या भिंती आतून एकसंध नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या दगडी थरांमध्ये चिपा व माती भरलेली असे. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड क्वचितच असत. हादऱ्याने हे थर एकमेकांपासून सुटले. त्यांवर माळवदाचा भार होता. गळती थांबविण्यासाठी वेळोवेळी टाकलेल्या मातीने तो वाढतच गेलेला होता. उन्हापासून आणि चोरांपासून रक्षण करणारी, प्रतिष्ठेची खूण मानली जाणारी जाड भिंतच प्राणघातक ठरली. कुडाची व छपराची हलकी घरे तुलनेने तग धरून राहिली.

भूकंपानंतरची सुरक्षितता :

अरुंद गल्ल्या दगडमातीने भरल्याने मदत पोहोचणे कठीण झाले. पावसाने त्यात भर घातली. पुढे अनेक कुटुंबे पक्क्या घरात झोपण्यास धजत नव्हती. पत्र्याची शेडच त्यांना निर्धोक वाटे. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. तडा गेलेली भिंत नंतरच्या सौम्य धक्क्यानेही पडू शकते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावांचे स्थलांतर झाले. मात्र सुरक्षिततेच्या दृष्टीने सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम अधिक बोधप्रद आहे. भिंतीत आरपार दगड बसविणे, छतावरील मातीचा भार कमी करणे, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा देणे, हे उपाय गवंड्याच्या आवाक्यातील होते. गावोगावी नेमलेल्या महिला संवाद सहायकांनी घरमालक, गवंडी आणि शासन यांच्यातील दुवा म्हणून काम केले. पुढे २००२ च्या सुधारित मानकात लातूर परिसराचा धोका-क्षेत्र क्रमांकही वाढविण्यात आला.

निष्कर्ष :

१९६७ आणि १९९३ या दोन्ही भूकंपांची वेळ पहाटेची होती. झोपेतील माणसाला सूचना आठवण्याइतका अवधी मिळत नाही. त्या क्षणी त्याचे रक्षण त्याचे घरच करू शकते. म्हणून सुरक्षिततेचे शिक्षण सरावापुरते मर्यादित न ठेवता आपण कोणत्या भिंतींमध्ये राहतो, या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवे. महाविद्यालयांनी स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांतून परिसरातील जुन्या दगडी घरांच्या नोंदी घेतल्या आणि ज्येष्ठ गवंड्यांचे बांधकामविषयक अनुभव संकलित केले, तर इतिहासाचा अभ्यास लोकांच्या जीविताच्या रक्षणासही उपयोगी पडेल. १९९२ चे धक्के ओसरल्यानंतर जे वर्षभर हातात होते, ते वाया गेले. शांततेचा असा काळ हीच भिंती सुधारण्याची वेळ असते, हा किल्लारीचा खरा धडा आहे.