पुनरुत्थानाची सुवार्ता

पुनरुत्थानाची सुवार्ता : क्रूसावर मरण पावलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी जिवंत झाला, हे वर्तमान आनंदाने इतरांना सांगण्याची ख्रिस्ती परंपरा. हे वर्तमान ईस्टरच्या सणाच्या केंद्रस्थानी आहेच, शिवाय ख्रिस्ती उपासना, अभिवादन, अंत्यविधी आणि धर्मप्रचार यांचाही तो पाया आहे.

हे वर्तमान पहिल्यांदा सांगितले ते स्त्रियांनी. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी प्रथम पोहोचतात त्या स्त्रियाच, आणि मग्दालीया मरीयेचे नाव चारही ठिकाणी येते. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचा शेवट मात्र विलक्षण आहे : स्त्रिया थरथरत कबरेपासून पळतात आणि भीतीमुळे कोणालाच काही सांगत नाहीत. मत्तय त्यांच्या मनात भीतीबरोबर मोठा आनंदही पाहतो. लूकच्या वृत्तान्तात त्यांनी आणलेली बातमी प्रेषितांना निरर्थक बडबड वाटते. ख्रिस्ती समाजाने हे अवघडलेपण आपल्या ग्रंथातून पुसून टाकले नाही, हे फार महत्त्वाचे आहे. सुवार्तेचा आनंद भीती ओसरल्यावर आलेला नाही. भीती असतानाच तो आला. योहानाच्या वृत्तान्तात कबरेबाहेर रडत उभ्या असलेल्या मरीयेला येशू नावाने हाक मारतो, तेव्हा ती त्याला ओळखते आणि त्याच्या सांगण्यावरून शिष्यांकडे निरोप घेऊन जाते. म्हणूनच परंपरेने तिला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हटले. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलैच्या तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा दिला. ही दखल घ्यायला फार उशीर झाला, असेच म्हणावे लागते.

अम्माऊसच्या वाटेवरची लूकने सांगितलेली कथा याच आनंदाचे दुसरे रूप दाखवते. खचलेले दोन शिष्य यरुशलेम सोडून निघाले आहेत. वाटेत भेटलेला अनोळखी सोबती येशूच आहे, हे त्यांना संध्याकाळी त्याने भाकर मोडली तेव्हा कळते. दिवस कलला म्हणून ज्याला त्यांनी आग्रहाने थांबवून घेतले होते, तो दिसेनासा होताच ते स्वतः मात्र थांबत नाहीत. आलेली सुमारे सात मैलांची वाट तुडवत ते इतर शिष्यांना हे सांगायला त्याच घटकेला परत फिरतात. सांगा, अशी आज्ञा त्यांना कोणी केलेली नव्हती.

पुढे पेत्राने पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात जाहीरपणे हीच साक्ष दिली. इसवी सन 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने साक्षीदारांची यादी दिली. एका वेळी पाचशेहून अधिक जणांना ख्रिस्त दिसला आणि त्यांपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असे तो तिथे लिहितो. अथेनैत मात्र मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघताच काहींनी त्याची थट्टा केली.

उपासनेत या घोषणेला ठरलेली जागा आहे. कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्तकाळात ‘आलेलुया’ गायले जात नाही. ईस्टरच्या जागरणविधीत ते पुन्हा घुमते. त्या रात्री नव्या अग्नीवर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती पेटवतात आणि तिच्याजवळ प्राचीन स्तुतिगान गातात. त्यात त्या रात्रीचाच नव्हे, तर मेण करणाऱ्या मधमाश्यांचाही गौरव आहे. मोरावियन मंडळीने 1732 मध्ये जर्मनीतील हेर्नहुट येथे ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना केली. सूर्योदयाच्या वेळी होणाऱ्या ईस्टर उपासनांची प्रथा तिथून दूरवर पोहोचली.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरनंतर चाळीस दिवस एकमेकांना ‘ख्रिस्त उठला आहे’ असे म्हणतात आणि उत्तर येते, ‘खरोखर उठला आहे’. रशियातील संत सेराफिम सारोव्स्की (मृत्यू 1833) येणाऱ्या प्रत्येकाचे वर्षभर याच शब्दांनी स्वागत करत.

मराठीशी या सुवार्तेचे नाते जुने आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेल्या आणि 1616 मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त येशूचे चरित्र, पुनरुत्थानासह, ओवीत आले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना ती कथा त्यांच्या ओळखीच्या लयीत ऐकायला मिळाली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी कीर्तन आणि भजन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत रुजवले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनानंतर पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आनंदाची बातमी ऐकणाऱ्याच्या सुरात सांगावी लागते, हे स्टीफन्स आणि टिळक या दोघांनाही नेमके उमगले होते.

ही सुवार्ता दुःखाला बगल देत नाही. कॅथलिक अंत्यविधीत पास्काची तीच मेणबत्ती शवपेटीजवळ ठेवतात. रशियन ऑर्थोडॉक्स कुटुंबे ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, रादोनित्साच्या दिवशी, आप्तांच्या कबरींवर जातात आणि ख्रिस्त उठल्याचे वर्तमान मृतांनाही सांगतात.