पेंढाऱ्यांचा धनी कोण?

अंदाधुंदीला आपण सहज ‘पेंढारशाही’ म्हणतों आणि सारा दोष पेंढाऱ्यांच्या माथीं मारून मोकळे होतों. परंतु पेंढारी ही कांहीं एक जात नव्हे. हिंदु व मुसलमान दोघेही त्यांत होते. मराठी फौजांबरोबर हे घोडेस्वार बिनपगारी चालत. लुटीची मुभा हाच त्यांचा पगार, आणि त्या लुटीवर सरदार पुन्हां ‘पालपट्टी’ घेत!

१८०२ सालीं यशवंतराव होळकर पुण्यावर आले, तेव्हां चिखली, आळंदीचा हा मुलूख पेशव्यांच्या दाराशींच होता. फौजा व पेंढारी यांनीं पुणें प्रांत उजाड केला. पुढल्या वर्षीं पाऊस चुकला आणि भयंकर दुष्काळ पडला. वाटसरूस धुरळा दिसे. त्यांतला शिपाई कोणता नि लुटारू कोणता, हें त्यानें कसें ओळखावें?

१८१६ त गुंटूरकडे पेंढाऱ्यांनीं बारा दिवसांच्या आंत ३३९ गांवें लुटलीं. पुरलेलें धन दाखवावें म्हणून ऊन राखेनें भरलेला तोबरा ते माणसाच्या तोंडास बांधीत. या क्रौर्यास क्षमा नाहीं. पण पालपट्टी घेणाऱ्यांचें नांव आपल्या भाषेंत शिवी झालें नाहीं.

१८१७-१८ च्या मोहिमेंत इंग्रजांनीं त्यांचा मोड केला. चितू पुढें जंगलांत वाघाच्या तोंडीं पडला. शरण आलेल्या करीमखानास मात्र गोरखपुराकडे जमीन मिळाली.