झडपा आणि चौकट

"काका, चासी तर ट्रकची असते," पत्रा वाकवून देणाऱ्या मिस्त्रीनं मला ऐकवलं. त्याच्यापुढे मी मापांचा कागद धरला होता: दोन मिलिमीटर जाडीचं अ‍ॅल्युमिनियम, चारही कडा खाली वाकवायच्या, वर 22 मिलिमीटरची तीन गोल भोकं आणि मागच्या बाजूला ट्रान्सफॉर्मरसाठी एक चौकोनी खिडकी. घरी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधतोय आणि ही त्याची चॅसी आहे, असं मी म्हणालो होतो. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, "हा तर पालथा ट्रे." बिलावरही तेच आलं: 'अ‍ॅल्यु. ट्रे, 1 नग.'

मिस्त्रीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तो शब्द आपल्याकडे ट्रकबरोबर फिरला. पण ट्रक येण्याआधी त्याचा बराच प्रवास झालेला आहे. फ्रेंच 'शासी' म्हणजे चौकट, मुख्यतः खिडकीची. इंग्रजांनी तो उचलला, तोंडात घोळवून त्याचा 'सॅश' केला आणि खिडकीच्या सरकत्या चौकटीला ते नाव चिकटलं. पुढं तोच शब्द फ्रेंचमधून पुन्हा एकदा आला, आधी तोफेच्या गाड्याखालच्या चौकटीसाठी, मग मोटारीच्या सांगाड्यासाठी. रेडिओ बांधणाऱ्यांनी व्हॉल्व्ह ज्या पत्र्याच्या बैठकीवर उभे करायचे तिला मोटारवाल्यांचं नाव दिलं. फार मागं गेलं तर मुळाशी लॅटिन 'काप्सा' सापडतो, म्हणजे पेटी. केस, कॅप्सूल आणि दुकानाच्या गल्ल्यावरची कॅश ही सगळी त्याच पेटीची पिल्लं.

तर चॅसी म्हणजे चौकट. मग तिच्यात बसवायचा तो व्हॉल्व्ह म्हणजे काय?

लॅटिनमध्ये 'वाल्वा' म्हणजे दाराची फळी. घडीच्या दुपाखी दाराचं एक पान. त्याच्या मुळाशी वळण्या-फिरण्याचा अर्थ असल्याचं मानतात, बिजागरीवर फिरणारं ते. पाण्याच्या आणि वाफेच्या नळांत एकाच दिशेनं उघडणाऱ्या पडद्याला तेच नाव पडलं. 1904 साली लंडनमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोस फ्लेमिंग यांनी दिव्याच्या काचेत तापलेली तार आणि तिच्याजवळ एक पट्टी बसवून पेटंट घेतलं. तार तापली की वीज तारेकडून पट्टीकडं इलेक्ट्रॉनच्या रूपानं जाते, उलट येत नाही. एकाच बाजूला उघडणारं दार! फ्लेमिंग यांनी त्याला व्हॉल्व्ह म्हटलं आणि ब्रिटिश राज्यात तेच नाव चाललं. अमेरिकेनं कामाकडं न पाहता आकाराकडं पाहिलं आणि 'ट्यूब' म्हणून मोकळी झाली. दोन्हींतलं फ्लेमिंगचं नाव मला जास्त आवडतं, कारण ते आत काय चाललंय ते सांगतं. ट्यूब तर टूथपेस्टचीही असते.

आता मराठीकडं या. आपल्याकडं 'झडप' हा शब्द तयार होता. खिडकीच्या झडपा, पिंजऱ्याची झडप. वाल्वाचा अर्थ इतका जुळवून सांगणारा दुसरा शब्द शोधून सापडायचा नाही. डॉक्टरांनी तो बरोबर ओळखला आणि हृदयाला चार झडपा दिल्या. आज कुठल्याही दवाखान्याबाहेर बसलेली आजी "माझी झडप गळते" असं बिनदिक्कत सांगते. पण रेडिओच्या झडपेला झडप कोणी म्हटलं नाही. दुरुस्तीच्या दुकानात तो 'वॉल' झाला, पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हच राहिला आणि त्याच्या जिवावर गल्लीत पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन हे एक अस्सल मराठी पात्र तयार झालं. परिभाषेच्या पुस्तकांत मात्र नलिका आली. म्हणजे संस्कृत घातलं, पण अमेरिकेचं भाषांतर केलं.

1906 मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तार आणि पट्टी यांच्या मध्ये तिसरी वस्तू घातली, नागमोडी वाकवलेली तार. दिसायला मांस भाजायच्या लोखंडी जाळीसारखी, म्हणून तिचं नाव ग्रिड, म्हणजे 'ग्रिडआयर्न'चं अर्धं. दारात जाळी बसली आणि सगळं बदललं. जाळीवरचा विजेचा दाब किंचित हलवला की आरपार जाणारा मोठा प्रवाह त्याच तालावर कमी-जास्त होतो. अ‍ॅम्प्लिफायर झाला तो इथं. या तिसऱ्या वस्तूला मराठीनं 'जाळी' म्हटलं असतं तर स्वयंपाकघरातली प्रतिमाही जशीच्या तशी राहिली असती.

पलीकडच्या पट्टीला अमेरिकेत 'प्लेट' म्हणतात. प्लेटच्या मागं ग्रीक 'प्लाटुस' आहे, म्हणजे रुंद, पसरट. संस्कृतातला 'पृथु' त्याचा सख्खा भाऊ आणि पृथुवरूनच पृथ्वी. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्लेट अडीचशे व्होल्टवर असते आणि चॅसी पृथ्वीला जोडलेली, शून्यावर. एकाच घराण्यातल्या दोन शब्दांत अडीचशे व्होल्टचं अंतर, हे मला तारा जोडताना सुचलं आणि हातातला सोल्डरचा थेंब भलतीकडंच पडला.

पृथ्वीनं मला त्रासही दिला. अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा स्पीकरमधून गाण्याच्या आधी भुंगा आला. दुरुस्तीवाले याला 'हमिंग' म्हणतात, आमच्या घरात त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी 'भ्रामरी' पडलं. तीन रात्री मी ट्रान्सफॉर्मर आडवे-उभे करून पाहिले. दोष होता पत्र्यात, किंवा खरं तर माझ्यात. मागचं इनपुटचं सॉकेट सरळ धातूवर कसलं होतं, त्यामुळं त्याची अर्थची बाजू पत्र्याला टेकली होती. आणि तिथूनच एक तार मी वेगळी नेऊन अर्थच्या मुख्य बिंदूला जोडली होती. एका ठिकाणी जायला दोन वाटा झाल्या, त्यांचं कडं तयार झालं आणि ट्रान्सफॉर्मरच्या आजूबाजूचं 50 हर्ट्झचं चुंबकत्व त्या कड्यात शिरून गुणगुणू लागलं. सॉकेटखाली फायबरचा वॉशर घातला, पत्र्याशी संबंध तुटला, भ्रामरी थांबली.

'पत्रा' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृत पत्र म्हणजे पान. त्यातून टपालाचं पत्र, लग्नाची पत्रिका, जेवणाची पत्रावळ आणि छपराचा पत्रा. लॅटिन 'फोलियुम' म्हणजेही पानच आणि त्यावरून इंग्रजांचा 'फॉइल'. दोन्हीकडच्या लोकांना ठोकून पातळ केलेल्या धातूत पान दिसलं. चॅसीला मराठी नाव मागितलं तर लोक सांगाडा सुचवतात, मला तो आवडत नाही. सांगाड्याला हाडं असतात, इथं एकच पान आहे, चार कडांनी मुडपलेलं.

अ‍ॅम्प्लिफायरला विश्वकोशानं 'विवर्धक' म्हटलं आहे. शब्द चोख आहे, वृध् धातू, म्हणजे वाढ. पण मराठीत वाढीचं प्रकरण सरळ नाही. मूल वाढतं, पान वाढतात आणि नारळ वाढवतात. तिसऱ्या अर्थी फोडतात, अशुभ उच्चारायचं नाही म्हणून. बांगडीही फुटत नाही, वाढते. तेव्हा विवर्धक हा मोठा करणारा, ताटात वाढणारा की फोडणारा, हे आवाजाची चकती कुठवर फिरवली त्यावर ठरतं. माझा पाच वॉटचा आहे, फोडण्याइतकी ताकद त्याच्यात नाही. त्यातला एक व्हॉल्व्ह पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला, बीईएलचा. म्हणजे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, जिथं 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले.

आवाजाचाच विषय निघालाय तर लगेहात सांगतो. लग्नाच्या मांडवावर बांधलेला 'कर्णा' कानावरून आला असं बहुतेकांना वाटतं आणि तो ज्या पद्धतीनं वाजतो ते पाहता वाटणं साहजिकही आहे. पण तो कर्णा फारसीतला, रणातली लांब तुतारी. कर्णाचा आणि त्याचा नाद जुळला एवढंच.

इतका वेळ मी परिभाषेच्या पुस्तकांची उणीदुणी काढतोय, पण एका ठिकाणी त्यांनी दुकानावर मात केली आहे. चॅसीच्या पोटात उभ्या डबीसारखा असतो तो, दुकानात सगळे ज्याला 'कंडेन्सर' म्हणतात. हे नाव व्होल्टा यांनी 1782 मध्ये दिलं. वाफेचं पाणी व्हावं तशी वीज घट्ट होते अशी त्यामागची कल्पना. घट्ट वगैरे काही होत नाही. मराठी परिभाषेनं त्याला 'धारित्र' म्हटलं. धृ, धरणं, धारण करणं. धरून ठेवणारं ते धारित्र. आणि ते खरोखर धरून ठेवतं. प्लग काढला, दिवा विझला, व्हॉल्व्हची काच गार झाली, तरी अडीचशे-तीनशे व्होल्ट त्या डबीत तसेच बसून असतात, कधी कधी बराच वेळ. कंडेन्सर म्हटल्यावर हे कोणाच्या ध्यानात येत नाही, धारित्र म्हटल्यावर यावं.

तुमच्यापैकी कोणी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा माझ्यासारखा पालथा ट्रे उघडून बसणार असेल तर त्यांना एवढंच सांगायचं आहे: प्लग काढा, मोठा रेझिस्टर लावून डबीतली वीज पृथ्वीत जाऊ द्या, मीटरचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी पाहा, आणि मगच आत हात घाला.