हिंगण्याहून पॉम्पेईला, इ.स. ७७

हिंगणा

लोकमान्य नगरला नागपूरची मेट्रो संपते. तुम्ही उतरता, हिंगणा रोडवरच्या ऑटोंच्या गराड्यातून वाट काढता आणि एमआयडीसीच्या दिशेनं चालू लागता. नियम एकच: दर पावलाला दोन वर्षं मागं जायचं. हजारभर पावलांचं काम आहे.

पहिल्या तीसेक पावलांतच कारखान्यांच्या शेड नाहीशा होतात आणि दोन्ही बाजूंना शेतं दिसू लागतात. दक्षिणेला, याच तालुक्यातल्या टाकळघाट-खापा इथं शां. भा. देव नागपूर विद्यापीठाच्या मंडळींसह उत्खनन करताहेत. साल १९६८. आणखी पन्नास-पंचावन्न पावलं टाका. १८६३चा सप्टेंबर लागेल. टाकळघाटचीच शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतणारे पाद्री स्टीफन हिस्लॉप पुरानं फुगलेल्या नाल्यात बुडाले ते याच महिन्यात. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे. ते कशापायी गेले, हे फार थोड्यांना.

पुढची पावलं मोजू नका. भोसल्यांचे स्वार, देवगडचे गोंड राजे, रामटेकच्या बाजूचे वाकाटक असे एकेक मागं पडत जातात आणि इ.स. ७७मध्ये तुम्ही थांबता. पावसाळा नुकता सरलाय. रायपूरच्या माळावर काळ्या दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. ती आजही आहेत, पण त्या काळीसुद्धा ती जुनीच होती. लोखंड वापरणाऱ्या, घोड्यांना तांब्याचे साज चढवणाऱ्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी ती रचली, त्याला पाच-सहा शतकं उलटून गेली होती. दगडावर हात ठेवून बघा. हा बेसाल्ट, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. त्याचा रंग आणि पोत ध्यानात असू द्या, प्रवासात उपयोगी पडेल.

खर्चासाठी नाण्यांपेक्षा मणी बरे. उत्तरेला माहूरझरीत अकीक, स्फटिक आणि जास्परचे मणी घडवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. मूठभर मणी धोतराच्या केळात बांधा आणि पश्चिमेला जाणारा बैलांचा तांडा गाठा.

भोगवर्धन

वऱ्हाड ओलांडायला दोनेक आठवडे लागतात. केळणेच्या काठी वसलेलं हे गजबजलेलं गाव म्हणजे भोगवर्धन, आजच्या जालना जिल्ह्यातलं भोकरदन. पैठणहून उज्जैनला जाणारा मोठा रस्ता इथून जातो, त्यामुळं गाव पैसेवालं आहे. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरली आहेत, त्यांत या गावचेही लोक आहेत.

बाजारातली एक आळी हस्तिदंत कोरणाऱ्यांची. ओट्यावर बसलेल्या कारागिरानं पायाच्या अंगठ्यात एक वीतभर उंचीची मूर्ती धरली आहे. सामत्याची दोरी पुढंमागं ओढत तो तिच्या डोक्यातून खाली उभं भोक पाडतोय. मूर्ती बाईची आहे. अंगावर वस्त्र असं नाहीच, दागिने मात्र जागा मिळेल तिथं: मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे, कमरेला अनेकपदरी मेखला. दोन्ही बाजूंना तिच्या कमरेइतक्या उंचीच्या दोन दासी, हातांत शृंगाराचं सामान घेतलेल्या. भोकात दांडा बसला की ही बाई एखाद्या चौरंगाचा पाय होईल किंवा आरशाची मूठ. देवघरात ठेवायला कुणी तिला घडवलेली नाही. ती आहे घरातल्या हौसेची वस्तू.

तिच्यासारखीच, कमरेपासून खालचा भाग तेवढा उरलेली एक मूर्ती भोकरदनच्या मातीतून निघेल. त्यासाठी १९७३ उजाडावं लागेल, आणि खोदणाऱ्यांत तेच शां. भा. देव असतील. आत्ता मात्र व्यापारी घासाघीस करतोय. तो भुसा आणि कापसात गुंडाळून माल पेटीत भरतो, तुम्ही त्याच्याबरोबर निघता.

कल्याण जवळ असताना गाड्या उत्तरेला का वळल्या, असं तुम्ही विचारता.

“कल्याणचं नाव काढू नका, पाहुणे,” गाडीवान म्हणतो. “तिकडं राजांचं भांडण पेटलंय.”

सातवाहन आणि क्षत्रप यांच्या ओढाताणीत कल्याणची पेठ बसली होती. कुणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्र ते हिंदुस्थान या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली आहे, ‘पेरिप्लस’ म्हणून. तो सांगतो की एके काळी कल्याण हे रीतसर बाजाराचं बंदर होतं. आता तिथं चुकून लागलेल्या ग्रीक जहाजांवर पहारा बसवून ती भडोचला नेतात.

भडोच

भडोचच्या खाडीची भरती पाहण्यासारखी आहे, पण काठावरून. पाणी एकदम भिंतीसारखं चढतं, ओहोटीत गाळाचे दांडे उघडे पडतात आणि नवखं जहाज त्यावर आडवं होतं. म्हणून राजाच्या नोकरीतले कोळी लांब होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि परदेशी जहाजं ओढत, थांबवत, भरती साधत आत आणतात. धक्क्यावर उतरतंय काय? इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, राजासाठी गाणारी मुलं. चढतंय काय? पैठणचा गोमेद, तेरचं कापड, पिंपळी, हस्तिदंत.

पौषात वारा ईशान्येचा सुटतो, तेव्हा निघायचं. मोसमी वारा परतीच्या प्रवासाला पाठीशी घेतला की अरबस्तानाची दक्षिण बाजू धरून जहाज लाल समुद्रात शिरतं. जहाजावर मिरीचा वास इतका की भातालाही तो येतो. तुमचे सोबती अर्धे ग्रीक बोलणारे मिसरी आणि अर्धे गुजराती. समुद्र लागलाच तर मधे उभे राहा, कडेला नको.

बेरेनिके ते अलेक्झांड्रिया

बेरेनिके हे वाळवंटाच्या काठचं बंदर. पाणी खारट, माशा अपार. पण इथं सागवानाचे वासे दिसतात, मिरीची भांडी दिसतात, आणि दोन-तीन पिढ्यांनी इथल्या इसिसच्या देवळात भूमध्यसागरी संगमरवराची बुद्धमूर्तीही उभी राहील. इथून नाईलकाठच्या कोप्टोसपर्यंत उंटांचा तांडा बारा दिवस चालतो. ऊन इतकं की चाल रात्रीची आणि झोप दिवसा. मग नाव, मग अलेक्झांड्रिया, समुद्रात उभा असलेला शंभर मीटरहून उंच दीपस्तंभ आणि त्याखाली जकातवाले. पूर्वेकडून आलेल्या मालावर चौथाई. चौथाई हा शब्द ऐकून तुम्हा भोसल्यांच्या गावच्यांना हसू येणारच.

धान्य वाहणारं मोठं जहाज तुम्हाला इटलीला नेतं. वारा तोंडावरचा, म्हणून महिना-दीड महिना लागतो. पुतेओली बंदर दिसू लागलं की बाकीच्या जहाजांना वरचं शीड उतरवावं लागतं. ते ठेवायचा मान फक्त अलेक्झांड्रियाच्या जहाजांना. त्यामुळं धक्क्यावरचे लोक लांबूनच ओळखतात आणि गर्दी करतात.

कांपानिया, इ.स. ७८चा उन्हाळा

आता डोळे भरून बघा, कारण आजचे पर्यटक याच किनाऱ्यासाठी विमानाचं भाडं भरतात. अर्धगोल आखात. बाययेला वाफाळणारे झरे आणि त्यांवर श्रीमंतांची स्नानगृहं. पुतेओलीमागं गंधकाचा धूर सोडणारी उघडीबोडकी जमीन. तिच्यापलीकडच्या मिसेनमला नौदलाचा तळ. आखाताच्या मध्यावर एक देखणा, द्राक्षांनी हिरवागार डोंगर: वेसुवियस.

पॉम्पेईत वेशीतून आत शिरताच पायाखाली ओळखीचा दगड लागतो. काळा, कठीण, गाड्यांच्या चाकांनी चर पडलेला. हिंगण्याच्या माळावर हात ठेवला होता तसलाच हा लाव्हा, फक्त पुष्कळ कोवळा. तो आला कुठून, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. तुम्ही मान वर करून डोंगराकडं बघता. स्ट्रॅबो नावाच्या भूगोलकारानं पन्नास-साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की हा डोंगर एके काळी पेटत असावा. पण गावाला धास्ती आहे ती भूकंपाची. इ.स. ६२मध्ये मोठा धक्का बसला, त्याची डागडुजी सोळा वर्षांनंतरही संपलेली नाही. जिथं तिथं परांची, चुन्याचे ढीग आणि सुताराची ठोकठोक.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती लाल अक्षरांनी भरल्या आहेत: अमुक उमेदवार लायक आहे, शेजारी त्याच्या पाठीशी आहेत, सोनार त्याच्या पाठीशी आहेत. पाणी साचलेला रस्ता कोरड्या पायानं ओलांडायला मधे उंच दगड बसवलेत, त्यांच्या फटींतून चाकं बरोब्बर जातात. वीस हजार माणसं मावतील असं रंगमंडळ गावाच्या टोकाला आहे. इ.स. ५९मध्ये शेजारच्या नुचेरियाच्या प्रेक्षकांशी इथं अशी मारामारी झाली की खुद्द रोमच्या सिनेटनं दहा वर्षं खेळ बंद केले.

भूक लागली तर कोपऱ्यावरच्या खाणावळीत शिरा. दगडी ओटा, त्यात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण, ओट्याच्या दर्शनी बाजूला रंगवलेले बदक आणि कोंबडा. आपल्या सावजीसारखीच ही जागा: घरी चूल नसलेल्यांची, घाईत असलेल्यांची आणि तिखटाची हौस असलेल्यांची. ताटात बकरं, डुक्कर, मासे, गोगलगाई. टोमॅटो नाही, बटाटा नाही आणि मिरचीही नाही; ती अजून अमेरिकेतून बाहेर पडायची आहे. आणि हो, त्या वेळी नागपुरातही नाही. दोन्ही गावांचं तिखट एकच, मिरी आणि पिंपळी, तीही हिंदुस्थानची. काळी मिरी इथं पौंडाला चार दिनार आणि पिंपळी पंधरा. शिपायाचा वर्षाचा पगार दोनशे पंचवीस. तेव्हा ताटलीवर मिरी भुरभुरणाऱ्या माणसाकडं आदरानं बघा.

जेवण झाल्यावर, वाया देल’अबोंदान्झा म्हणून पुढं ओळखल्या जाणाऱ्या मुख्य रस्त्यानं चाला. एका घरात तुमच्याबरोबर निघालेल्या पेटीतली, किंवा तिच्या आगेमागे आलेल्या एखाद्या पेटीतली, हस्तिदंती बाई पोचली आहे. घर बादशाही नाही, खाऊनपिऊन सुखी आहे. घरधनी पाहुण्यांना ती हातात घेऊन दाखवतो आणि लांबच्या देशाचं नाव घेतो. नाव बहुधा चुकीचंच असावं.

त्याच वेळी रोममध्ये या हौसेवर कुणीतरी चिडलेलं आहे. थोरला प्लिनी. त्याचा प्रचंड सृष्टिग्रंथ नुकताच, इ.स. ७७मध्ये, पुरा झालाय. हिंदुस्थान दर वर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार त्यानं त्यात नोंदवली आहे. तुम्ही हिशेब दुसऱ्या टोकाकडून करा. हे पाच कोटी म्हणजे तेरच्या विणकराची, भोगवर्धनच्या दंतकाराची, मलबारच्या मिरी तोडणाऱ्याची मजुरी, वाटेतले जकातवाले आणि जहाजमालक खाऊन जे उरलं ते. पुढच्याच वर्षी डोंगर फुटेल. मिसेनमचा नौदलप्रमुख म्हणून प्लिनी माणसं वाचवायला जहाजं घेऊन निघेल आणि स्ताबियेच्या किनाऱ्यावर मरेल. तुम्ही मात्र उन्हाळा संपण्याआधी आखात सोडलेलं बरं.

पुन्हा आजच्या तारखेला

ती हस्तिदंती बाई १९३८मध्ये राखेतून निघाली. उंची साधारण पंचवीस सेंटीमीटर. आज ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, ‘गुप्त दालन’ म्हणतात त्या खोलीत, पॉम्पेईच्या शृंगारिक चित्र-मूर्तींच्या संगतीत. ती कुठं घडली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बैठकीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर खोदलेलं आहे आणि खरोष्ठी ही वायव्येची लिपी, म्हणून काही जण गांधाराकडं बोट दाखवतात, अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंतांशी ती ताडून बघतात. काहींना मथुरा वाटते. पण घडणीनं तिच्या अगदी जवळच्या मूर्ती मिळाल्या त्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, हेही नाकारता येत नाही.

म्हणून इटलीची सहल ठरवलीत तर क्रम उलटा लावा. आधी तेरचं संग्रहालय बघा. मग कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधला, ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला काशाचा पोसायडन बघा. भूमध्य समुद्राचा तो देव पंचगंगेकाठी आला, तसाच आपला माल तिकडं गेला. हिंगणा तालुक्यातली शिळावर्तुळंही बघून ठेवा. तिथं तिकीट नाही आणि कुंपणही बहुतेक ठिकाणी नाही, त्यामुळं ती कधी पाहायची हे तुमच्यापेक्षा नांगर आणि प्लॉटवाले लवकर ठरवतील. एवढं झाल्यावर विमानात बसा.

नेपल्सला त्या काचेसमोर उभे असताना मार्गदर्शक तिला ‘इंडियन लक्ष्मी’ म्हणेल. बहुतेक जण अजून तसंच म्हणतात. त्याला सांगा, ही लक्ष्मी नव्हे, यक्षी असावी. वाद मिटलेला नाही हेही सांगा. आणि त्या वादात एक गाव आमच्या महाराष्ट्रातलं आहे, म्हणून त्याचं नाव तीनदा म्हणवून घ्या: भोकरदन. ‘भ’ त्याला जमणार नाही. तरी सोडू नका.