नाव चुकीचं, नदी उसनी

मोनोकसी ही काही मिरवण्यासारखी नदी नाही. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात फ्रेडरिक नावाचं गाव आहे, त्याच्या पूर्वेच्या कडेने ती निमूट वाहते आणि पुढे पोटोमॅकला मिळते. जूनमध्ये पुष्कळ ठिकाणी पाणी गुडघ्याएवढंच. तळाशी गोटे, मध्येच खळाळ, खळाळाखाली छोटा डोह, काठावर सिकॅमोरची वाकलेली झाडं. माझा भाचा तिथे राहतो. शनिवारी पहाटे त्याने मला उठवलं, हातात एक हलकी काठी दिली आणि म्हणाला, “मामा, आज तुम्हाला आमच्या नदीतला मासा दाखवतो.”

माझी मासेमारी पंचगंगेच्या घाटावरची. बांबूची काठी, तंगूस, गळ, गांडूळ आणि चिंगळ्या. त्यामुळे भाच्याने गळाला अडकवलेली ती रबरी नळी, खालच्या टोकाला झिरमिळ्या असलेली, मला खेळण्यासारखीच वाटली. तिला ‘ट्यूब’ म्हणतात. ती तळाच्या गोट्यांवरून थांबत, उडत नेली की माशाला क्रेफिश वाटते. क्रेफिश म्हणजे खेकडा आणि झिंगा यांचं लग्न लागलं असतं तर जे झालं असतं, ते. चौथ्या-पाचव्या फेकीत काठी वाकली. मासा पळाला नाही, सरळ पाण्याबाहेर उसळला, हवेत डोकं झाडलं, परत पडला, पुन्हा उसळला. हातात आला तेव्हा जेमतेम वीतभर होता. एवढ्याशा देहात एवढा संताप कुठून आला, हे मला कळेना.

भाच्याने त्याचा खालचा ओठ अंगठा आणि तर्जनीत धरला. असं धरलं की मासा निपचित पडतो. दात म्हणजे सँडपेपर, दिवसभर मासे धरले की अंगठ्याचं साल निघतं आणि तिथले गळवाले ते साल कौतुकाने दाखवतात. जुन्या पितळी भांड्यासारखा रंग, अंगावर उभे काळपट पट्टे, लाल डोळा. “हा स्मॉलमाउथ बॅस. इथला अस्सल मासा,” असं म्हणून भाच्याने त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं आणि सोडून दिलं.

अस्सल आणि इथला. घरी येऊन मी या माशाचं कूळ शोधायला बसलो, आणि त्या दोन शब्दांतला एकही टिकला नाही.

आधी नाव. ‘बॅस’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द, ‘काटेरी, राठ केसांचा’ अशा अर्थाच्या मुळापासून आलेला. युरोपातल्या काटेरी पराच्या माशांना तो लागू होता. वसाहतवाले अमेरिकेत आले, त्यांना पाठीवर काटे असलेला मासा दिसला, त्यांनी गावाकडचं नाव त्याला चिकटवलं. प्रत्यक्षात हा मासा तिथल्या ‘सनफिश’ कुळातला, युरोपच्या बॅसशी त्याची भाऊबंदकी नाही. ‘स्मॉलमाउथ’ म्हणजे लहान तोंडाचा, हेही चुलतभावाच्या हिशेबाने. लार्जमाउथ बॅसचा जबडा डोळ्याच्या मागे जातो, याचा डोळ्याखालीच थांबतो, एवढाच फरक. ज्या क्रेफिशला हा गिळतो त्याला विचारलं तर तो या तोंडाला लहान म्हणणार नाही. कॅनडातले फ्रेंच लोक मात्र याला ‘आशिगां’ म्हणतात. तो शब्द त्यांनी तिथल्या आदिवासींच्या अल्गोंक्विन भाषेतून उचलला आणि त्याचा अर्थ ‘झगडणारा’ असा सांगतात. माझ्या मते याच्या सगळ्या नावांत कामाचं तेवढं एकच.

शास्त्रीय नावाची गोष्ट तर त्याहून भारी. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात लासेपेद नावाचे प्राध्यापक माशांवर पाच खंडांचा ग्रंथ लिहीत होते. त्यांच्या हाती अमेरिकेतून आलेला एक मासा लागला. कुठल्या नदीतला, कुणी पाठवला, काही चिठ्ठी नाही. त्या माशाच्या पाठीवरच्या पराचा मागचा तुकडा कधीतरी तुटला होता, कुणीतरी चावा घेतला असावा. शेवटचे दोन-चार काटे बाजूला पडून वेगळे दिसत होते. लासेपेदांना वाटलं, हा निराळा, इवलासा परच आहे. म्हणून 1802 साली त्यांनी नवी प्रजाती जाहीर केली: मायक्रोप्टेरस, म्हणजे ‘छोट्या पराचा’. एका जखमी माशाची जखम त्याच्या सगळ्या कुळाच्या कपाळी लिहिली गेली. पुढे चूक कळली, पण प्राण्यांच्या नामकरणात ज्येष्ठतेला मान असतो. आधी दिलेलं नाव चुकीचं असलं तरी चालतं, नंतरचं बरोबर असून चालत नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर चुकून लागलेली जन्मतारीख माणसाला निवृत्तीपर्यंत पुरते, तसंच हे.

नावाचा दुसरा भाग ‘डोलोमियू’. हे दिओदा द डोलोमियू नावाचे फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ. डोलोमाइट हे खनिज आणि इटलीतले डोलोमाइट पर्वत यांच्याच नावाचे. नेपोलियनबरोबर 1798 मध्ये ते इजिप्तला गेले. परतताना जहाज इटलीच्या किनाऱ्याला लागलं आणि ते शत्रूच्या हाती सापडले. मेसिनाच्या तुरुंगात 21 महिने एकांतवास. शाई नाही, तर दिव्याची काजळी. टाक नाही, तर लाकडाची ढलपी. कागद नाही, तर जवळच्या पुस्तकांचे समास. त्यांवर त्यांनी खनिजशास्त्राचा प्रबंध लिहिला. 1801 मध्ये सुटले आणि त्याच वर्षी वारले. लासेपेद त्यांचे मित्र. हातात नवा मासा होता, मनात नुकताच गेलेला मित्र होता, त्यांनी दोघांची गाठ मारली. आयुष्यभर दगड फोडलेल्या माणसाचं नाव त्याने कधी न पाहिलेल्या माशाला मिळालं ते असं. मला यात गैर काही दिसत नाही. मासा दगडाधोंड्यांतच राहतो, तेवढा संबंध पुरे.

याच काळाच्या थोडं पुढे आपल्याकडे काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनभर फिरून आकडेवारी गोळा करत होता, आणि जोडीने पक्षी, प्राणी, मासेही. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत त्याला मोठ्या खवल्यांचा मासा मिळाला. साइक्सने कुणा मित्राची आठवण काढली नाही. इथले लोक त्याला काय म्हणतात ते विचारलं आणि 1839 मध्ये तेच लिहून टाकलं: खुद्री. आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना या महसीरला ‘टॉर खुद्री’ म्हणावं लागतं. पुण्याजवळच्या कोळ्याच्या तोंडचा शब्द, लॅटिनच्या पंगतीत पाट मांडून बसलेला.

असो. नाव चुकीचं निघालं, निदान नदी तरी या बॅसची स्वतःची असेल असं मला वाटत होतं.

हा मासा मूळचा पाच महासरोवरांचा आणि मिसिसिपी-ओहायो खोऱ्याचा. मध्ये ॲपलाचियन पर्वत. त्याच्या पश्चिमेचं पाणी ओहायोतून मिसिसिपीला जातं, पूर्वेचं पोटोमॅकसारख्या नद्यांतून अटलांटिकला. आपल्या घाटमाथ्यावर उभं राहिलं की हे चटकन कळतं: एक थेंब कोकणात उतरतो, शेजारचा कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो. पाण्यातल्या जिवाला ती धार ओलांडता येत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोटोमॅकमध्ये, आणि अर्थात मोनोकसीतही, या माशाचा पत्ता नव्हता.

धार ओलांडली ती रेल्वेने. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची बांधणी 1828 पासून चालू होती आणि डोंगर पार करून ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगला पहिली गाडी पोचली ती 1853 च्या जानेवारीत. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, म्हणजे पारसिकचा बोगदाही अजून व्हायचा होता. व्हीलिंगला जनरल श्राइव्हर नावाचे गृहस्थ राहत. पूर्वी ते डोंगरापलीकडच्या कंबरलँड गावचे, पोटोमॅकच्या काठचे. नव्या गावच्या ओढ्यातला मासा जुन्या गावच्या नदीत असावा असं त्यांना वाटलं. 1854 च्या सुमाराला त्यांनी ते करून दाखवलं.

करण्याची रीत फार साधी आणि फार हुशार. जिवंत मासा नेताना अडचण पाण्याची नसते, पाण्यातल्या प्राणवायूची असते. बंद डब्यात तासाभरात मासे पालथे पडतात. श्राइव्हरनी एक मोठी पत्र्याची बादली घेतली, तिला भोकं पाडली आणि वाफेच्या इंजिनामागे जो पाण्याचा डबा असतो, टेंडर, त्याच्या टाकीच्या तोंडात ती बसवली. गाडीच्या धक्क्यांनी टाकीतलं पाणी सतत हिंदकळत राहतं, भोकांतून आत-बाहेर करतं, हवा धरतं. शिवाय इंजिनाला वाटेत पाणी घ्यावंच लागतं, म्हणजे माशांनाही ताजं पाणी. व्हीलिंगच्या ओढ्यातले मोजके मासे सुमारे 200 मैलांचा प्रवास करून कंबरलँडला उतरले आणि तिथल्या कालव्याच्या कुंडात सोडले गेले. कुंडातून नदीत यायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. काही वर्षांत पोटोमॅकभर पसरले, उपनद्यांत शिरले.

पसरण्याचं गमक माझ्या मते नराच्या स्वभावात आहे. पाणी 15-16 अंशांपर्यंत तापलं की नर शेपटीने तळाचा गाळ झाडून गोट्यांत ताटाएवढं अंगण करतो. मादी अंडी घालून निघून जाते. हा मागे राहतो, परांनी वारा घालत, अंड्यांवर गाळ बसू देत नाही, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. पिल्लं सुटी होईपर्यंत त्याला पोटाची शुद्ध नसते. असा बाप असला की मूठभर माशांचा वंश नदीभर व्हायला किती वेळ लागणार.

मासा पसरत होता तशी त्याला धरण्याची हत्यारंही तयार होत होती. केंटकीतल्या पॅरिस गावी जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने घड्याळाच्या दातेरी चाकांची अक्कल मासेमारीच्या रिळाला लावली. हँडल एकदा फिरवलं की रीळ अनेकदा फिरे. त्याआधी नेम धरून लांब फेकणं आणि भरभर ओढून घेणं दोन्ही कठीण होतं. पुढे केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी ही रिळं इतकी देखणी केली की आज ती दागिन्यांसारखी विकली जातात. मग 1881 मध्ये जेम्स हेनशॉल नावाच्या डॉक्टराने या माशावर एक जाडजूड पुस्तकच लिहिलं. तोवर साहेबी गळवाल्यांत मान होता तो ट्राउट आणि सामनला, बॅस म्हणजे गावठी. हेनशॉलनी दंड थोपटून सांगितलं की आकाराच्या मानाने याच्याइतका झुंजणारा दुसरा मासा नाही. ते त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की लोकांना पटलं. सरकारचे मासे वाहणारे खास रेल्वे-डबेही त्याच दशकात देशभर फिरू लागले आणि श्राइव्हरची बादली फार मागे पडली.

पुढे हा मासा देशाबाहेर गेला तेव्हा मात्र सगळीकडे आरती झाली नाही. जपानने 2005 मध्ये कायद्याने त्याला उपद्रवी परका ठरवलं. दक्षिण आफ्रिकेत राँडेगाट नावाच्या छोट्या नदीत त्याने तिथले देशी मासे संपवत आणले, तेव्हा 2012 मध्ये सुमारे 4 किलोमीटरच्या पट्ट्यात औषध टाकून त्याचा नायनाट केला, आणि देशी मासे परत आले. आपणही यात मागे नाही. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशी महसीरचं उबवणी केंद्र आहे. कामाबद्दल वाद नाही. पण तिथली बोटुकली कावेरीत सोडली गेली आणि कावेरीचा स्वतःचा नारिंगी परांचा, पाठीला पोक असलेला अवाढव्य महसीर मागे रेटला गेला, असं संशोधक म्हणतात. म्हणजे साइक्सने ज्याला अदबीने त्याच्या बोलीतलं नाव दिलं, तो आमचा खुद्री कावेरीत जाऊन पाहुणा म्हणून नव्हे, घरमालक म्हणून बसला.

हे सगळं मी भाच्याला रात्री जेवताना सांगितलं. त्याला इंजिनाच्या टाकीची गोष्ट मुळीच आवडली नाही. “पावणेदोनशे वर्षं झाली, मामा. आता कसला परका?” म्हणाला. ठीक आहे. मी विषय वाढवला नाही, कारण ताटात जे होतं तेच पुरेसं बोलत होतं.

ताटात मरळीची तुकडी होती. अगदी आपली मरळ नव्हे, तिची चिनी चुलत बहीण. 2002 साली मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या एका तळ्यात ती सापडली तेव्हा देशभर हाकाटी झाली होती. हवेत श्वास घेते, नद्या खाऊन टाकील, दिसली की मारा. दोन वर्षांनी ती पोटोमॅकमध्ये निघाली. आजही ती जिवंत बाळगणं बेकायदा आहे. तिथे तिला ‘सापडोक्या’ अशा अर्थाचं इंग्रजी नाव आहे आणि त्या नावाने ती कुणाच्या घशाखाली उतरेना. लोकांनी तिला खाऊन संपवावं म्हणून 2024 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तिचं बारसं केलं: चेसापीक चॅना.

शेजारच्या गृहस्थांनी ती खालच्या भरतीच्या खाडीत धरली होती आणि साफ करून भाच्याकडे आणून दिली होती. सूनबाईंनी आलं-लसणाचं वाटण, चिंचेचा कोळ आणि भरपूर तिखट घालून कालवण केलं होतं. भाच्याने दुसरी तुकडी वाढून घेतली.

“ही मात्र परकी हां मामा,” तो म्हणाला, आणि काटा काढायला वाकला.